रानातली नाती : पानगळीच्या जंगलातील वृक्षांचा जनुकीय अभ्यास

(सावरगाव येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या जाम नदीच्या मधोमध पळसाचे झाड उभे राहते. एका काठाला सावरगाव, दुसऱ्या काठाला पांढुर्णा. गोटमारीविषयी, म्हणजे त्या दिवशी दोन काठांमध्ये होणाऱ्या दगडफेकीविषयी, मी बोलणार नाही, तो विषय तुमचा आहे आणि त्यावर बोलण्याचा अधिकारही तुमचाच. मी त्या झाडाविषयी बोलणार आहे. ते रानातून आणलेले असते. तिथे त्याच्या आसपास पळसाची आणखी झाडे उभी असतात. ती त्याची कोण? आई, भावंडे, की शेजारी राहणारी परकी झाडे? हा प्रश्न आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे, म्हणून जरा सावकाश पाहू.

पळसाला फुले येतात, मग चपट्या शेंगा धरतात. वाळलेली शेंग पापडीसारखी वाऱ्यावर जाते आणि तिच्या टोकाशी असलेल्या एकुलत्या बीपासून नवे झाड उगवते. पळस वाढण्याचा हा एक मार्ग. दुसरा मार्ग जमिनीखालून जातो. पळसाच्या आडव्या मुळ्यांना फुटवे येतात. झाड तोडले, वणव्यात होरपळले, की हे फुटवे जोर धरतात. ज्याने धुऱ्यावरचा पळस खणून काढण्याचा प्रयत्न केला आहे, त्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. काही वर्षांनी त्या जागी दहा खोडे दिसतात. मोजणी करणारा लिहितो, पळस, दहा झाडे. प्रत्यक्षात ती दहा बियांपासून आलेली दहा झाडे असतील, किंवा एकाच बीची दहा खोडे असतील. साल, पान, फूल पाहून यातले काहीच ठरत नाही. पेशीतला डीएनए वाचला तरच ठरते.

आणि हे ठरवण्यावर बरेच काही अवलंबून आहे. राजेश टंडन, के. आर. शिवण्णा आणि एच. वाय. मोहन राम या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पळसाच्या प्रजननाचा बारकाईने अभ्यास केला आणि तो 2003 मध्ये प्रसिद्ध केला. पळसाच्या फुलांवर येणारे पाहुणे पुष्कळ असले, तरी पराग खऱ्या अर्थाने पोचवतात ते जांभळा शिंजीर आणि खार, असे त्यांना आढळले. स्वतःच्याच परागावर फळ धरायला पळस फारसा राजी नसतो, हेही त्यांनी दाखवले. सातपुड्याच्या कोरड्या उतारांवर उभी राहणारी सालई घ्या. सुन्निचन, शिवण्णा आणि मोहन राम यांच्या 2005 मधील अभ्यासात निसर्गतः सालईच्या सुमारे 10 टक्के फुलांनाच फळ धरत होते. तीच फुले हाताने, दुसऱ्या झाडाचा पराग आणून फळवली, तर प्रमाण सुमारे 80 टक्क्यांवर गेले. झाड निरोगी होते, फुलांचा तोटा नव्हता, मधमाश्याही येत होत्या. कमतरता होती ती परक्या झाडाच्या परागाची. आता सालईसुद्धा मुळांच्या फुटव्यांनी पसरते, हे लक्षात घ्या. टेकडीवरची चाळीस खोडे जर चार-पाच झाडांचाच पसारा असेल, तर ती टेकडी डोळ्यांना भरगच्च दिसेल आणि बीज मात्र नावापुरते धरेल.

म्हणून आज एकच गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे. जंगल किती आहे, हे झाडे मोजून कळते. ते पुढे टिकेल का, हे त्या झाडांमधली नाती मोजल्यावर कळते.

कोरडे रान आणि त्याकडे झालेले दुर्लक्ष

आपल्या भोवतीचे रान शास्त्राच्या भाषेत उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी वन आहे. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, चार, बिजा, सालई, मोईन, पळस ही त्यातली माणसांच्या परिचयाची मंडळी. हे रान पावसाळ्यात इतके हिरवे होते की ओळखू येत नाही, आणि फाल्गुन-चैत्रात इतके उघडे पडते की बाहेरून आलेल्याला ते मेलेले वाटावे. या उघडेपणामुळेच जगभर त्याची उपेक्षा झाली. दाट, ओल्या, सदाहरित जंगलांवर ग्रंथ लिहिले गेले, कोरड्या रानाकडे भविष्यातले शेत किंवा जळणाचा साठा म्हणून पाहिले गेले. खरे तर मर्फी आणि लुगो या शास्त्रज्ञांनी 1986 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार उष्ण प्रदेशातल्या जंगलांपैकी सुमारे 42 टक्के जंगल कोरडे आहे. 1988 मध्ये डॅनियल जॅन्झन यांनी मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याचे चित्र मांडले. युरोपीय लोक तिथे आले तेव्हा साडेपाच लाख चौरस किलोमीटर कोरडे रान होते, आणि त्यातले दोन टक्केही मूळ रूपात उरले नव्हते. उष्ण प्रदेशातली सर्वाधिक धोक्यात आलेली परिसंस्था ही वर्षावने नसून कोरडी वने आहेत, असे त्यांनी ठणकावून सांगितले.

आपल्याकडे या रानाचा इतिहास निराळा असला तरी धडा तोच आहे. सातपुड्यातले बोरीचे जंगल 1865 मध्ये राखीव झाले, म्हणजे देशातल्या अगदी पहिल्या राखीव जंगलांपैकी ते एक. त्याच सुमारास रेल्वे या मुलखात शिरत होती आणि 1867 मध्ये ती नागपूरला पोचली. स्लीपर, घरे, पूल, गाडे यांना लाकूड हवे होते. लाकूड तोडणारा माणूस वाकडे झाड आधी तोडत नाही. सरळ, उंच, निकोप झाड आधी जाते, पोकळ आणि गाठाळ मागे राहते, आणि पुढचे बी त्या मागे राहिलेल्यांचे पडते. अशी निवड पिढ्यान्‌पिढ्या चालली तर रानाच्या वारशाचे काय होते, हे समजून घ्यायला झाडांची उंची आणि घेर पुरत नाही; त्यासाठी डीएनएवरच्या खुणा वाचाव्या लागतात.

खूण म्हणजे काय

जनुकीय खूण, ज्याला अभ्यासक मार्कर म्हणतात, ती डीएनएवरची एक अशी जागा असते जिथे एकाच जातीच्या निरनिराळ्या झाडांत फरक सापडतो आणि तो फरक खात्रीने वाचता येतो. सुरुवातीला हे काम प्रथिनांवरून चाले. एकच काम करणारी प्रथिने दोन झाडांत किंचित वेगळी असतात आणि वीज सोडलेल्या जेलमध्ये वेगवेगळ्या वेगाने सरकतात. 1966 नंतर ही पद्धत जीवशास्त्रात रुजली. पुढे 1983 मध्ये कॅरी मुलिस यांना पीसीआरची कल्पना सुचली आणि डीएनएच्या अत्यल्प नमुन्याच्या लाखो प्रती काढणे शक्य झाले. 1990 मध्ये रॅपिड, 1995 मध्ये एएफएलपी अशा पद्धती आल्या. त्या स्वस्त होत्या किंवा एका दमात पुष्कळ जागा दाखवत होत्या, पण आईकडून आलेली प्रत आणि बापाकडून आलेली प्रत वेगवेगळी ओळखणे त्यांत अवघड जाई.

झाडांच्या नात्यांसाठी सगळ्यांत उपयोगी ठरलेली खूण म्हणजे मायक्रोसॅटेलाइट. डीएनएमध्ये काही ठिकाणी दोन-तीन अक्षरांचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, सीए, सीए, सीए, सीए असा. पोथीची नक्कल करणाऱ्याच्या हातून एकच अक्षर सलग वीस वेळा आले की एखादे जास्त किंवा कमी पडते, आणि पुढच्या सगळ्या नकला त्या चुकीसकट होत राहतात. पेशीतही तसेच होते. म्हणून एका झाडात तो तुकडा चौदा वेळा असतो, दुसऱ्यात अठरा वेळा, तिसऱ्यात एकवीस वेळा. लांबीतला हा फरक मोजता येतो, आणि प्रत्येक झाडाकडे अशा दोन लांब्या असतात, एक आईची, एक बापाची.

हे प्रत्यक्ष कसे होते ते सांगतो. झाडाचे कोवळे पान खुडून पाकिटात सिलिका जेलच्या खड्यांबरोबर बंद करायचे. ओल निघून गेली की पान कुरकुरीत होते, हिरवे राहते आणि त्यातला डीएनए टिकतो. पाकिटावर झाडाचा क्रमांक, घेर आणि उपग्रहावरून मिळालेली जागा लिहायची. प्रयोगशाळेत ते पान कुटून पूड करतात आणि सीटॅब नावाच्या रसायनाच्या गरम द्रावणात घालतात. क्लोरोफॉर्मने प्रथिने वेगळी काढली आणि वरच्या नितळ पाण्यात थंड अल्कोहोल सोडले, की पांढरे बारीक तंतू वर येताना डोळ्यांनी दिसतात. तोच डीएनए. आपल्या कोरड्या रानाची झाडे मात्र सहज दाद देत नाहीत. मोहाच्या पानात चीक, सालईत डिंक, ऐन-बेहड्यात टॅनिन, आणि सागाचे कोवळे पान चोळले तर बोटे लाल होतात. हे सारे त्या तंतूंना चिकटते, ते तपकिरी पडतात आणि पुढचे काम अडते. उन्हाळा आणि किडी यांच्यापासून बचावासाठी झाडाने जे साठवले, तेच अभ्यासकाच्या वाटेत उभे राहते. म्हणून दर जातीसाठी कृती थोडी थोडी बदलत न्यावी लागते.

आता नाते कसे शोधायचे? समजा, तुमच्या धुऱ्यावर एक मोह आहे. एका खुणेच्या जागी त्याच्या दोन लांब्या 152 आणि 160 आहेत. त्याच्या फळातून रुजलेल्या रोपात 152 आणि 148 सापडल्या. 152 आईकडून आली, म्हणजे 148 बापाकडून आली. मग शिवारातल्या सगळ्या मोहांची पाने तपासायची आणि 148 कुणाकडे आहे ते पाहायचे. एका खुणेवर दहा झाडे जुळतील. आठ-दहा खुणा एकत्र पाहिल्या की बहुतेक वेळा एकच झाड उरते, किंवा कळते की बाप या शिवारातला नाहीच. फुलण्याच्या रात्री पराग कुठून कुठे गेला, ते अशा रीतीने मागाहून उलगडते. पराग घेऊन उडालेले वटवाघूळ कुणी पाहिलेले नसते, पण त्याने केलेले काम रोपाच्या अंगावर लिहिलेले असते.

आणखी एक सोय निसर्गाने केली आहे. पानातल्या हरितलवकालाही स्वतःचा डीएनए असतो आणि बहुतेक सपुष्प झाडांत तो फक्त आईकडून येतो. परागातून तो जात नाही, बीमधूनच जातो. म्हणून हरितलवकाच्या खुणा पाहिल्या की बी कुठून कुठे गेले ते कळते, आणि केंद्रकातल्या खुणा पाहिल्या की पराग आणि बी दोन्हींचा एकत्र प्रवास कळतो. दोन्ही शेजारी ठेवले की दोघांच्या वाटा वेगळ्या काढता येतात.

धुऱ्यावरचे एकटे झाड

या खुणांनी पहिला मोठा समज मोडला तो एकट्या झाडाविषयीचा. रान तुटले, शेते झाली, मध्ये एखादे झाड उरले, तर ते वंशाच्या दृष्टीने संपलेच, असे पूर्वी मानत. 2002 मध्ये व्हाइट, बॉशियर आणि पॉवेल यांनी होंडुरास देशातल्या कोरड्या रानातल्या महोगनीच्या एका जातीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मायक्रोसॅटेलाइटने पाहिले असता, पूर्ण एकट्या पडलेल्या झाडावरच्या बियांचा बाप साडेचार किलोमीटरहून दूर उभा असल्याचे दिसले. उंबराच्या जातीत तर याहून आश्चर्य आहे. आफ्रिकेत नामिब वाळवंटातल्या उगाब नदीकाठी उंबराच्या एका जातीचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. जेमतेम एक-दोन दिवस जगणारी, काही मिलिमीटरची वरटी तिथे पराग घेऊन 160 किलोमीटरपर्यंत जात होती. जामसावळीच्या हनुमानाशी असलेला पिंपळ असो की गावोगावचा उंबर, या कुळातली झाडे वरटीच्या भरवशावरच फळतात. त्यांचे नातेवाईक आपल्या कल्पनेपेक्षा फार दूर असू शकतात.

मात्र एवढ्यावर निर्धास्त होऊ नका, कारण याच खुणांनी दुसरी बाजूही दाखवली. 1998 मध्ये ऑल्ड्रिच आणि हॅमरिक यांनी कोस्टारिकातल्या सिम्फोनिया नावाच्या झाडाचा अभ्यास मांडला. हे ओल्या जंगलातले झाड आहे, पण प्रश्न आपलाच आहे. जंगलाच्या उरलेल्या तुकड्यांत भरपूर रोपे होती. पाहणाऱ्याला वाटावे, जंगल सावरते आहे. खुणांनी सांगितले की त्यातली बहुतांश रोपे कुरणात उरलेल्या मोजक्या झाडांची पोरे आहेत. उघड्यावर उभ्या झाडांना ऊन भरपूर, फुले भरपूर, फळे भरपूर, आणि बी वाहणारे प्राणी ते बी जंगलात आणून टाकत होते. जंगल भरले, पण दोन-चार घराण्यांनी भरले. त्याच देशात ग्वानाकास्ते या कोरड्या प्रदेशातल्या वृक्षावर रोचा आणि अग्विलार यांनी 2001 मध्ये काम प्रसिद्ध केले. सलग रानातल्या झाडांची रोपे कुरणातल्या झाडांच्या रोपांपेक्षा जोमदार निघाली. आपल्या देशात कोडगूमध्ये कॉफीचे मळे आणि देवराया यांच्या मिश्र मुलखात डिसॉक्सिलम या झाडावर 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या. पराग कित्येक किलोमीटर जात होता, आणि तरीही जवळच्या नात्यातला संकर पूर्णपणे टळत नव्हता.

तेव्हा धुऱ्यावरचा मोह पूल ठरेल की अडसर, हे त्याच्याभोवती किती आणि किती निरनिराळी झाडे आहेत यावर अवलंबून आहे. दहा धुऱ्यांवर दहा घराण्यांचे मोह असतील तर ती शेतेसुद्धा रानाचा भाग आहेत. शेतकऱ्याने राखलेले प्रत्येक झाड दोन रानांमधली वाट चालू ठेवते. जमिनीच्या कागदांवर त्याची नोंद झाड म्हणून होते, वाट म्हणून होत नाही, पण त्याची खरी किंमत त्या वाटेत आहे.

म्हाताऱ्या मोहांची सावली

मोहाकडे जरा जवळून पाहू, कारण आपल्या भागात मोह घराघरात आहे. पहाटे झाडाखाली पडलेले मोहफूल उचलून पाहा. रसरशीत पाकळ्यांची ती कुपी असते आणि आतल्या बाजूला पुंकेसर चिकटलेले असतात. स्त्रीकेसर त्यात नसतो. तो फळाच्या बाळरूपासह फांदीवरच राहिलेला असतो. म्हणजे आपण वेचतो तो फुलाचा नराचा भाग, आणि त्याचे काम रात्रीच उरकलेले असते. फळवटवाघळे रात्री या गोड कुपीसाठी येतात आणि पराग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात. मोहाच्या परागीभवनात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यामुळे फूल वेचण्याने मोहाचा वंश बुडत नाही. आपल्या आजी-पणजींनी शेकडो वर्षे फुले वेचली आणि मोह राहिला.

वंश अडतो तो पुढच्या दोन पायऱ्यांवर. फुले स्वच्छ वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि त्यात मागच्या वर्षांची रोपे जळतात. मग टोळी, म्हणजे मोहाचे फळ, पिकली की तेलासाठी बी गोळा होते आणि जमिनीवर फारसे उरत नाही. परिणाम तुम्ही पाहता आहात. मोठमोठे मोह जागोजागी आहेत, आणि मांडीएवढ्या जाडीचा, पोटरीएवढ्या जाडीचा मोह शोधावा लागतो. चारोळी देणाऱ्या चाराचे दुखणे वेगळे, पण त्याच दिशेचे. दुसऱ्याने तोडण्याआधी आपण तोडावे म्हणून फळ कच्चे असतानाच फांद्या छाटल्या जातात, आणि बी पिकायच्या आत बाजारात जाते.

इथे जनुकीय खुणा एक धोक्याची सूचना देतात. आज उभ्या असलेल्या म्हाताऱ्या मोहांचे डीएनए तपासले तर वैविध्य चांगले निघू शकते. त्याने हुरळून जाऊ नये. ही झाडे रुजली तेव्हाचे रान सलग होते आणि त्या रानाची विविधता त्यांच्या अंगात आहे. त्यांची गोष्ट जुनी आहे. आजची गोष्ट आजच्या रोपांत आहे. म्हणून शहाणा अभ्यासक तीन पिढ्यांची पाने गोळा करतो, जुनी झाडे, तरुण झाडे आणि रोपे. वरच्या पिढीत सापडलेले प्रकार खालच्या पिढीत सापडेनासे झाले, तर घसरण सुरू झाली आहे असे समजावे, मग जंगल कितीही दाट दिसो. झाडे दीर्घायुषी असल्यामुळे नुकसान उशिरा दिसते. त्यातली चांगली बाब अशी की म्हातारी झाडे उभी आहेत तोवर ते भरून काढण्याची संधीही हातात आहे.

साग, कलम आणि राज्याची हद्द

या मुलखातला माणूस संत्र्याचा आहे, त्यामुळे पुढची गोष्ट तुम्हाला चटकन कळेल. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधला की जे झाड होते ते मूळ झाडाची प्रत असते. बागेतली पाचशे झाडे वंशाने जवळपास एक. म्हणून फळ सारखे येते, आणि म्हणूनच डिंक्या आला की सगळ्या बागेला सारखाच धोका असतो. बागेत हे चालते, कारण बागायतदार दररोज तिथे उभा असतो, औषध मारतो, पाणी देतो, मेलेले झाड बदलतो. रानात असा माणूस नसतो. तिथे झाडांना आपल्यातल्या फरकांवरच तगावे लागते.

सागाच्या बाबतीत प्रती काढण्याचे तंत्र आपल्या मराठी मुलखातच घडले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गुप्ता, नाडगीर, मस्करेन्हास आणि जगन्नाथन यांनी सुमारे शंभर वर्षे वयाच्या निवडक सागांपासून ऊती संवर्धनाने रोपे तयार करून 1980 मध्ये ते काम प्रसिद्ध केले. वनवृक्षांच्या बाबतीत जगभर दखल घ्यावी असे हे यश होते, आणि त्याचा अभिमान वाटायला हवा. सरळ, वेगाने वाढणाऱ्या सागाची रोपवने त्यातून शक्य होतात. फक्त हे विसरू नये की रोपवन आणि रान यांची कामे वेगळी आहेत. रोपवन लाकूड देते. रान पुढच्या शंभर वर्षांच्या दुष्काळांसाठी, किडींसाठी, वाढत्या उन्हासाठी निरनिराळे पर्याय जपून ठेवते. नैसर्गिक रान तोडून तिथे मोजक्या निवडक झाडांच्या प्रती लावल्या, तर तो साठा संपतो, आणि त्याची किंमत लाकडाच्या हिशेबात कुठेच येत नाही.

सागावर खुणांचे काम बरेच झाले आहे. कोइमतूरच्या वन आनुवंशिकी व वृक्षप्रजनन संस्थेने पश्चिम घाट आणि मध्य भारतातल्या सागांची तुलना केली. जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेतही सागाच्या डीएनए खुणांवर काम झाले आहे. 2018 मध्ये कोइमतूरच्याच संस्थेने सागाच्या संपूर्ण जनुकसंचाचा मसुदा जाहीर केला आणि त्यातून लाखाहून अधिक मायक्रोसॅटेलाइट जागा समोर आल्या. जगभरचे साग एकत्र पाहणाऱ्या अभ्यासांतून भारतीय साग हा थायलंड-लाओसच्या सागापासून वेगळा उठून दिसतो, आणि भारतातच त्याचे वैविध्य मोठे आहे. आफ्रिकेत लावलेल्या सागाचा मोठा हिस्सा भारतीय मुळाचा निघतो. म्हणजे सातपुड्यासारख्या प्रदेशातले नैसर्गिक साग हा जगातल्या सागलागवडीच्या मूळ ठेव्याचा भाग आहे. तो आपल्या हातात आहे.

झाडांना राज्याची हद्द माहीत नसते. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत पांढुर्णा आणि सौंसर मध्य प्रदेशात राहिले, नरखेड, काटोल, सावनेर, वरूड पलीकडे गेले. 2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. या प्रत्येक बदलाने कागदपत्रे बदलली. पराग आणि बी पूर्वीसारखेच इकडून तिकडे जात राहिले. बियाणे कुठून घ्यावे आणि कुठे लावावे याचा विचार मात्र राज्याराज्याच्या कागदांवर होतो. काटोलच्या बाजूचा मोह सौंसरच्या मोहाचा सख्खा असेल, आणि त्याच राज्यातला, पण दूरच्या पठारावरचा मोह परका असेल. हे हद्दीच्या नकाशावरून ठरवता येणार नाही. नात्यांचा नकाशा काढावा लागेल, आणि तो दोन्ही राज्यांनी मिळून काढावा लागेल.

इथे एक मर्यादा स्पष्ट सांगतो. या खुणांपैकी बहुतेक खुणा झाडाच्या गुणावगुणांविषयी काही सांगत नाहीत. त्या नाते सांगतात, संकर सांगतात, हरवलेली विविधता सांगतात. कोणता साग कमी पाण्यात तगेल, कोणत्या सागाची पाने अळी कमी खाईल, हे कळायला ठिकठिकाणचे बी एकाच जागी शेजारी लावून वर्षानुवर्षे पाहावे लागते. खुणा आणि अशी लागवड, दोन्ही हवे. प्रयोगशाळेतले यंत्र शेतातल्या धीराची जागा घेऊ शकत नाही.

आपण काय करायचे

आता कामाचे बोलतो. झाडे लावण्याचा उत्साह सगळीकडे आहे, आणि तो चांगला आहे. पण रोपवाटिकेत बी येते कुठून? बहुतेकदा रस्त्यालगतच्या, चढायला सोप्या, भरपूर फळणाऱ्या दोन-चार झाडांवरून. एक मोठा मोह एकट्याने हजारो बिया देतो. त्या हजारो रोपांना एकच आई असते आणि बापही मोजकेच. पुढे ही भावंडे शेजारी शेजारी उभी राहून आपसांत संकर करतील, आणि त्यांच्या बियांत पोकळपणा आणि अशक्तपणा वाढेल.

यावर उपाय खर्चिक नाही, आणि तो साध्या गणिताने दाखवता येतो. समजा, एखादा उपयोगी जनुकप्रकार, कदाचित दुष्काळात तग धरण्याचा, या रानात शंभर प्रतींत पाच या प्रमाणात आहे. तुम्ही पाच झाडांवरून बी घेतले, तर त्या पाच आयांपैकी एकीकडेही तो नसण्याची शक्यता साठ टक्के आहे. तीस झाडांवरून घेतले, तर ती शक्यता पाच टक्क्यांच्याही खाली येते. वजन तेवढेच, पिशवी तेवढीच, फक्त बी जास्त झाडांवरून थोडे थोडे घ्यायचे. म्हणून वनआनुवंशिकीत नियम सांगतात : किमान 25 ते 30 आया निवडा, त्या एकमेकींपासून शंभरेक मीटर तरी दूर असू द्या, प्रत्येकीकडून साधारण सारखेच बी घ्या. पळस, सालई यांसारख्या फुटव्यांच्या झाडांत हे अंतर विशेष पाळा, नाहीतर तीस आया म्हणून तुम्ही एकाच झाडाच्या तीस खोडांवरून बी घ्याल.

दुसरे काम नोंदीचे. रोपवाटिकेतल्या प्रत्येक वाफ्यावर बी कोणत्या शिवारातून आणि किती झाडांवरून आले याची पाटी असावी. आज ही माहिती नसते, आणि ती नसली की वीस वर्षांनी रोपवन का फसले याचे उत्तर कुणीच देऊ शकत नाही.

तिसरे काम मोहाखालच्या आगीचे. सगळ्या झाडांखालचा पाला जाळण्याऐवजी पाला झाडून बाजूला करता येतो, आणि दरवर्षी काही झाडांखालची जागा पूर्ण सोडता येते. त्या दोन-चार झाडांखालची टोळीही तशीच राहू द्यावी. गावाने ठरवले तर याला सरकारी आदेश लागत नाही.

चौथे काम इथल्या शाळा-महाविद्यालयांचे. शिवारातल्या मोठ्या मोहांची, चारांची, बिजांची यादी करा. प्रत्येक झाडाची जागा, घेर, फुलण्याची तारीख, फळ धरले की नाही, आणि आसपास रोपे आहेत की नाहीत, एवढे लिहा. कोवळे पान सिलिका जेलमध्ये वाळवून क्रमांकासह ठेवा. महागडी यंत्रे तुमच्याकडे नसतील. जबलपूर, नागपूर, पुणे इथल्या संस्थांकडे आहेत, आणि जागा, नोंद आणि पान नीट असलेला नमुना कोणत्याही संशोधकाला हवाच असतो. रानाशी रोजचा संबंध असलेल्या माणसांखेरीज हे काम होणारच नाही. मोह कधी फुलला, कोणते झाड दरसाल फळते, कोणते एक वर्षाआड, हे बाहेरून महिनाभर येणाऱ्याला कळत नाही. ते ज्ञान तुमच्याकडे आहे, आणि खुणांच्या तक्त्याला अर्थ त्यानेच येतो.

येत्या जून-जुलैत टोळी पिकेल. मोहाचे बी उगवणशक्ती लवकर गमावते, म्हणून ते ताजे असतानाच पेरावे लागते आणि निर्णयासाठी वेळ थोडाच मिळतो. आतापासून झाडे हेरून ठेवा. गोळा करायला निघाल तेव्हा पाचव्या झाडाशी पिशवी भरली तरी तिथे थांबू नका. ती अर्धी रिकामी करा आणि तिसाव्या झाडापर्यंत जा.